कंटेनर चालत नाही? पुसून टाकण्याआधी काय काय बघायचं

जळगाव-धुळ्याकडे डाळ मिलचं बिलिंग, केळीच्या वजनकाट्याच्या नोंदी, दूध संकलनाचा हिशेब असलं सॉफ्टवेअर हल्ली डॉकरच्या, म्हणजे प्रोग्रॅम वेगळा बंदिस्त ठेवून चालवणाऱ्या साधनाच्या, कंटेनरमध्ये बसवलेलं मला जागोजागी दिसतं. बसवून देणारा पुण्याला नाहीतर नाशिकला असतो. बिघडलं की फोन मात्र गावातल्या कॉम्प्युटर बघणाऱ्या पोराला जातो, आणि तोही भर हंगामात. हा लेख त्या पोरासाठी आणि पोरीसाठी आहे. लिनक्सची तोंडओळख असली तरी पुरे.

कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना नेहमीप्रमाणे इंग्रजीत करायच्या.

आधी एक कळकळीची विनंती. कंटेनर बंद पडला की बहुतेक जण तो उडवतात, इमेज (कंटेनर ज्यातून बनतो तो तयार साचा) पुन्हा ओढतात आणि चालू करतात. कधीकधी ते चालूनही जातं. पण कंटेनर काढला की त्याचे लॉगही जातात, म्हणजे बिघाडाचा पुरावाच जातो. डेटा व्हॉल्यूममध्ये, म्हणजे कंटेनरबाहेर राखलेल्या जागेत, ठेवलेला नसेल तर तोही जातो. त्यामुळे खालच्या पायऱ्या होईपर्यंत 'डॉकर आरएम' आणि 'डॉकर कंपोज डाउन' या दोन्ही कमांडला हात लावू नका (कंपोज म्हणजे एका फाइलवरून अनेक कंटेनर एकत्र चालवण्याची सोय). 'डाउन'ला '-व्ही' जोडलं तर नाव दिलेले व्हॉल्यूमसुद्धा पुसले जातात. वर्षभराचा हिशेब एका अक्षरापायी गेला तर तो परत आणता येत नाही.

कंटेनर म्हणजे वेगळा छोटा कॉम्प्युटर नव्हे. तुमच्याच लिनक्सवर, तुमच्याच कर्नलवर (लिनक्सच्या गाभ्यावर) चालणारी ती एक साधी प्रोसेस असते. तिला फाइली, नेटवर्क, युजर हे सगळं वेगळं दिसेल अशी सोय कर्नलने केलेली असते, आणि मेमरी किती वापरायची याची मर्यादाही तोच घालू शकतो. त्यामुळे आतलं सॉफ्टवेअर धड असूनही आत-बाहेरच्या सीमेवर गोष्टी अडतात : पोर्ट, फाइलची मालकी, मेमरी, घड्याळ. शोधायचं तिथेच.

पहिली पायरी : जिवंत आहे का, आणि नसेल तर कशाने गेला

'डॉकर पीएस -ए' चालवा. '-ए' विसरलात तर बंद पडलेले कंटेनर दिसतच नाहीत आणि 'कंटेनरच गायब झाला' असा समज होतो. ही कमांडच चालली नाही तर भानगड कंटेनरची नाही, डॉकरच्या सेवेची आहे. 'सिस्टिमसीटीएल स्टेटस डॉकर' बघा. 'परमिशन डिनाइड' आलं तर तुमचा युजर डॉकर ग्रुपमध्ये नाही. तिथे कोणालाही घालताना विचार करा, कारण त्या ग्रुपमधल्या माणसाच्या हातात जवळजवळ रूटचे अधिकार येतात.

कंटेनर 'एक्झिटेड' दिसला तर त्यापुढच्या कंसातला आकडा कागदावर लिहून घ्या. निम्मं निदान त्या आकड्यात असतं.

० म्हणजे प्रोग्रॅम आपलं काम संपवून शहाण्यासारखा बाहेर पडला. मग तो बंद का दिसतो? कारण कंटेनर त्याच्या मुख्य प्रोसेसएवढाच जगतो. मुख्य प्रोसेसने सर्व्हर बॅकग्राउंडला सोडला आणि स्वतः संपली, की कंटेनरही संपला. सर्व्हर फोरग्राउंडला चालवायला हवा.

१ म्हणजे प्रोग्रॅमच्या आतली चूक, ती लॉगमध्ये सापडेल. १२५ आला तर खुद्द डॉकरलाच 'रन' कमांड पार पाडता आली नाही, बहुधा चुकीचा पर्याय दिलेला असतो. १२६ म्हणजे फाइल सापडली, पण ती चालवण्याची परवानगी नाही. १२७ म्हणजे कमांडच सापडली नाही.

१३७ वर जरा थांबू. लिनक्समध्ये सिग्नलने मारलेल्या प्रोसेसचा कोड १२८ अधिक सिग्नलचा क्रमांक असा धरतात. १३७ म्हणजे १२८ अधिक ९, म्हणजे प्रोसेस जबरदस्तीने मारली गेली. मारणारे दोघे असू शकतात. 'डॉकर स्टॉप' आधी सभ्यपणे थांबायला सांगतो, १० सेकंद वाट बघतो आणि तरी थांबलं नाही तर मारतो. दुसरा कर्नल, मेमरी संपल्यावर. कोणी मारलं ते 'डॉकर इन्स्पेक्ट'मधल्या 'ओओएम-किल्ड'वरून कळतं. ते 'ट्रू' असेल तर मेमरीच. 'फॉल्स' असलं तरी 'डीमेसेज'मध्ये (कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड, टाइप करताना 'डीएमईएसजी') एकदा शोधा, कारण कंटेनरला मर्यादाच घातलेली नसेल तर सगळ्या मशीनची मेमरी संपून कर्नलने याचा बळी घेतलेला असू शकतो. १४३ म्हणजे १२८ अधिक १५, सांगितल्यावर नीट थांबलेला कंटेनर. १३९ म्हणजे प्रोग्रॅमने भलत्याच मेमरीत हात घातला.

'रिस्टार्टिंग' दिसत असेल तर कंटेनर मरतोय आणि पुन्हा उठवला जातोय. अशा वेळी 'डॉकर अपडेट --रिस्टार्ट नो' देऊन त्याला शांत होऊ द्या आणि मग लॉग वाचा.

दुसरी पायरी : लॉग वाचणे

'डॉकर लॉग्ज --टेल २०० --टाइमस्टॅम्प्स' आणि पुढे कंटेनरचं नाव. शेवटची ओळ वाचून निष्कर्ष काढू नका. शेवटच्या ओळी बहुतेक वेळा परिणाम सांगतात. वर सरकत जा आणि पहिली बिघडलेली ओळ गाठा. 'डेटाबेसशी जोडणी तुटली' हे खाली शंभरदा येईल, पण खरं कारण वर एकदाच आलेलं असतं.

लॉग कोरे असतील तर डॉकरला दोष देऊ नका. प्रोग्रॅम आपले लॉग आतल्या एखाद्या फाइलमध्ये लिहीत असेल. डॉकरला फक्त स्टँडर्ड आउटपुट आणि एररवर आलेलं दिसतं. पायथनचा प्रोग्रॅम असेल तर आउटपुट बफरमध्ये अडकलेलं असू शकतं. 'पायथनअनबफर्ड' हे व्हेरिएबल, टाइप करताना कॅपिटलमध्ये, १ केलं की ओळी लगेच दिसू लागतात.

एक फसवा संदेश सांगून ठेवतो. 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' येतं आणि फाइल तर डोळ्यांसमोर असते. विंडोजवर लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये हे हमखास होतं. विंडोज ओळीच्या शेवटी एक जास्तीचं अदृश्य अक्षर टाकतं, ते पहिल्या ओळीतल्या शेलच्या नावाला चिकटतं, आणि लिनक्स त्या विचित्र नावाचा शेल शोधत बसतो. 'डॉस-टू-युनिक्स' चालवा, इमेज पुन्हा बांधा. गिटच्या 'गिटअ‍ॅट्रिब्यूट्स' फाइलमध्ये शेल स्क्रिप्टसाठी 'एलएफ' पक्कं केलं की हा त्रास कायमचा जातो. 'एक्झेक फॉरमॅट एरर' हा त्याच्या शेजारचा प्रकार. एआरएम प्रोसेसरच्या मॅकवर बांधलेली इमेज इंटेलच्या मशीनवर आणली की हा दिसतो. बांधतानाच 'प्लॅटफॉर्म' पर्यायात 'लिनक्स/एएमडी६४' द्यायचं.

आत जाऊन बघणे

कंटेनर चालू असेल तर 'डॉकर एक्झेक -आयटी', नाव, आणि शेवटी 'एसएच'. 'बॅश' बऱ्याच लहान इमेजमध्ये नसतो, 'एसएच' सहसा असतो. उठताच मरणाऱ्या कंटेनरमध्ये असं शिरता येत नाही. तेव्हा त्याच इमेजचा दुसरा कंटेनर 'डॉकर रन -आयटी --एंट्रीपॉइंट एसएच' असा उघडा आणि मूळ कमांड आत हाताने चालवा. चूक समोरच येते. मात्र मूळ कंटेनरला दिलेले व्हेरिएबल आणि व्हॉल्यूम यालाही द्या. बंद पडलेल्या कंटेनरमधून एखादी फाइल हवी असेल तर 'डॉकर सीपी' त्यातूनही काढून देतो.

आत दुरुस्ती करून 'झालं' म्हणू नका. कंटेनर नव्याने बनला की ती जाते. दुरुस्ती डॉकरफाइलमध्ये (इमेज कशी बांधायची ते लिहिलेली फाइल) किंवा कंपोजच्या फाइलमध्येच झाली पाहिजे.

पोर्ट आणि नेटवर्क

सर्वांत जास्त फोन याचेच येतात : कंटेनर चालू आहे, ब्राउझरमध्ये मात्र काही उघडत नाही.

'डॉकर पोर्ट' आणि कंटेनरचं नाव द्या. काहीच आलं नाही तर पोर्ट बाहेर काढलेलाच नाही. '-पी ८०८०:८०' मध्ये डावा आकडा मशीनचा, उजवा कंटेनरच्या आतला. उलटं लिहिलेलं बऱ्याचदा सापडतं. आकडे बरोबर असतील तर प्रोग्रॅम आत कोणत्या पत्त्यावर ऐकतोय ते बघा. १२७.०.०.१ वर ऐकत असेल तर तो फक्त कंटेनरच्या आतल्यांचंच ऐकणार, कारण आतला लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतः. तिथे ०.०.०.० हवं. डेव्हलपरच्या लॅपटॉपवर कंटेनरशिवाय ते चाललेलं असतं, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

हीच गोष्ट उलट बाजूनेही खरी. अ‍ॅप एका कंटेनरमध्ये, पोस्टग्रेस हा डेटाबेस दुसऱ्यात, आणि अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये डेटाबेसचा पत्ता लोकलहोस्ट. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' येणारच. कंपोजमध्ये त्या सेवेला जे नाव दिलंय, समजा 'डीबी', तेच पत्ता म्हणून द्यायचं. पोर्टही आतलाच, ५४३२, बाहेर काहीही मॅप केलेलं असो. नावाने हाक मारण्याची ही सोय आपण बनवलेल्या नेटवर्कवर असते. डॉकरच्या मूळच्या ब्रिज नेटवर्कवर ती नसते. कंपोज स्वतःच नेटवर्क बनवतो, म्हणून तिथे हे आपोआप जमतं.

डेटाबेस कंटेनरमध्ये नसून थेट मशीनवर असेल तर 'होस्ट.डॉकर.इंटर्नल' हे नाव वापरतात. डॉकर डेस्कटॉपवर ते तयार मिळतं. साध्या लिनक्सवर '--अ‍ॅड-होस्ट' पर्यायाने 'होस्ट-गेटवे'शी जोडून द्यावं लागतं, आणि मशीनवरचा डेटाबेसही फक्त लोकलहोस्टवर ऐकत नसावा.

'रिफ्यूज्ड' म्हणजे पत्त्यावर पोचलो, पण त्या पोर्टवर कोणी नाही. 'टाइमआउट' म्हणजे वाटेतच अडलो : फायरवॉल, नाहीतर पत्त्यांची टक्कर. डॉकर सहसा १७२.१७ ने सुरू होणारे पत्ते घेतो. कारखान्याच्या किंवा कॉलेजच्या नेटवर्कमध्येही तेच पत्ते असतील तर कंटेनरमधून तिकडचा प्रिंटर किंवा सर्व्हर सापडत नाही. डॉकरच्या 'डेमन.जेसन' फाइलमध्ये 'बीआयपी' बदलून त्याला दुसरा पट्टा द्या. फायरवॉलवरून आणखी एक : '-पी'ने उघडलेला पोर्ट यूएफडब्ल्यू या लिनक्सच्या फायरवॉलचे नियम ओलांडून बाहेर दिसतो. डेटाबेसचा पोर्ट उघडायचाच असेल तर '१२७.०.०.१:५४३२:५४३२' असा बांधून उघडा.

फाइली आणि मालकी

लिनक्स मालक ओळखतो तो आकड्याने, नावाने नाही. बाहेर तुमचा युजर बहुधा १००० असतो. आत पोस्टग्रेस डेबियनच्या इमेजमध्ये ९९९ आणि अल्पाइनच्या इमेजमध्ये ७० असतो (डेबियन आणि अल्पाइन हे लिनक्सचे दोन प्रकार). त्यामुळे इमेजचा प्रकार बदलला आणि डेटा तोच ठेवला की 'परमिशन डिनाइड' येऊ शकतं. आत 'आयडी' आणि 'एलएस -एलएन' चालवून दोन्ही आकडे ताडून बघा, मग बाहेरून 'सीएचओन' करा. सगळ्याला ७७७ देणं हा उपाय नाही. आपल्या डेटा फोल्डरची दारं अशी सताड उघडी दिसली तर पोस्टग्रेस सुरूच व्हायला नकार देतो, आणि ते बरोबरच आहे.

'-व्ही'ने जोडलेली बाहेरची फाइल अस्तित्वातच नसेल तर डॉकर त्या नावाचं रिकामं फोल्डर बनवतो. मग प्रोग्रॅम म्हणतो की कॉन्फिग फाइल म्हणजे फोल्डर आहे. नाव एका अक्षराने चुकलं तरी हे घडतं.

पोस्टग्रेसचा पासवर्ड कंपोजमध्ये बदलला आणि तरी जुनाच चालतो, ही तक्रारही नेहमीची. ते व्हेरिएबल फक्त पहिल्यांदा, डेटा फोल्डर रिकामं असताना वाचलं जातं. नंतर पासवर्ड डेटाबेसच्या आत जाऊनच बदलायचा.

डिस्क भरली

'डीएफ -एच', मग 'डॉकर सिस्टिम डीएफ'. जागा खाणारे बहुधा लॉग असतात, कारण मूळ सेटिंगमध्ये डॉकर त्यांना मर्यादाच घालत नाही. '/व्हार/लिब/डॉकर/कंटेनर्स'मध्ये एखादी फाइल कित्येक जीबीची सापडेल. ती डिलीट करू नका. डॉकरने ती उघडी धरलेली असते, त्यामुळे जागा सुटत नाही. 'ट्रंकेट -एस ०'ने रिकामी करा. मग 'डेमन.जेसन'मध्ये 'मॅक्स-साइझ' १० एमबी आणि 'मॅक्स-फाइल' ३ घाला. हा बदल फक्त नव्याने बनवलेल्या कंटेनरला लागू होतो, जुन्यांना नाही.

'डॉकर सिस्टिम प्रून' थांबलेले सगळे कंटेनर काढून टाकतो, तुम्ही मुद्दाम थांबवून ठेवलेलेसुद्धा. आधी यादी बघा.

डिस्क मोकळी असूनही पोस्टग्रेस 'जागा नाही' म्हणत असेल आणि संदेशात शेअर्ड मेमरीचा उल्लेख असेल, तर अडचण '/डेव्ह/एसएचएम'ची आहे. कंटेनरला ती फक्त ६४ एमबी मिळते. 'एसएचएम-साइझ' वाढवा.

घड्याळ

हा बिघाड लवकर ध्यानात येत नाही, म्हणून जरा सविस्तर.

सावदा-रावेरकडच्या एका केळी व्यापाऱ्याच्या नोंदींचं उदाहरण घ्या. गाड्या रात्रीतून भरतात. पहाटे साडेचारला काट्यावर गेलेल्या गाडीची नोंद रिपोर्टात आदल्या दिवशीची दिसते, दुपारची गाडी मात्र बरोबर तारखेला. माणसं ऑपरेटरला बोल लावतात. प्रत्यक्षात कंटेनर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, चालत असतो. भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे आहे, म्हणून आपले पहाटेचे साडेचार म्हणजे तिकडचे आदल्या रात्रीचे अकरा. रात्री बारा ते पहाटे साडेपाच या पट्ट्यातली प्रत्येक नोंद एक दिवस मागे पडते आणि बाकीच्यांची तारीख ठीक दिसते. चूक असा पट्टा धरून दिसली की घड्याळच तपासा.

'डॉकर एक्झेक', कंटेनरचं नाव, 'डेट'. यूटीसी दिसलं तर कंपोजमध्ये 'टीझेड' हे व्हेरिएबल 'एशिया/कोलकाता' करा. अल्पाइनसारख्या लहान इमेजमध्ये 'टीझेडडेटा' पॅकेज नसतं. मग 'टीझेड' दिलेलं असूनही घड्याळ मुकाट यूटीसीवरच राहतं. पॅकेज डॉकरफाइलमध्ये घाला.

पोस्टग्रेसचं पुन्हा वेगळं. तो टाइमझोन पहिल्यांदा डेटा फोल्डर बनवताना आपल्या कॉन्फिग फाइलमध्ये लिहून ठेवतो, त्यामुळे नंतर 'टीझेड' बदलून फरक पडत नाही. 'शो टाइमझोन' विचारा आणि 'ऑल्टर डेटाबेस'ने बदला. जुन्या नोंदींचं काय, हे कॉलमच्या प्रकारावर ठरतं. टाइमझोनसह असलेल्या कॉलममध्ये क्षण बरोबर साठवलेला असतो, फक्त दाखवणं बदलतं. टाइमझोनशिवायच्या कॉलममध्ये चुकीची वेळच साठली आहे, ती बॅकअप घेऊन साडेपाच तासांनी पुढे सरकवावी लागेल.

मराठी अक्षरं

बिलाच्या पीडीएफमध्ये मराठी बिघडतं ते तीन तऱ्हांनी, आणि तिन्हींचे उपाय वेगळे. चौकोन दिसत असतील तर इमेजमध्ये देवनागरी फॉन्टच नाही. लहान इमेजमध्ये तो नसतोच. डेबियनवर 'फॉन्ट्स-लोहित-देवा' किंवा 'फॉन्ट्स-नोटो-कोअर' बसवा आणि 'एफसी-लिस्ट :लँग=एमआर'ने खात्री करा. प्रश्नचिन्हं दिसत असतील तर फॉन्टचा दोष नाही, वाटेत कुठेतरी यूटीएफ-८ (मराठी अक्षरं साठवण्याची पद्धत) सुटलंय. 'लँग' व्हेरिएबल 'सी.यूटीएफ-८' करा, मायएसक्यूएल असेल तर 'यूटीएफ८एमबी४' बघा. प्रश्नचिन्हं डेटाबेसमध्येच साठली असतील तर मूळ अक्षरं गेली, ती परत टाइप करावी लागतील. आणि अक्षरं दिसतात पण जोडाक्षरं फुटतात, ऱ्हस्व वेलांटी भलत्या बाजूला जाते, तर पीडीएफ बनवणाऱ्या लायब्ररीला देवनागरी जुळवता येत नाही. तिथे फॉन्ट बदलून उपयोग नाही, लायब्ररी बदला. तपासायला 'दुसऱ्या', 'ट्रॅक्टर', 'किर्लोस्कर' हे शब्द छापून बघा.

लाइट गेल्यावर

लाइट येते, मशीन उठते, कंटेनर उठत नाहीत. दोन गोष्टी बघा : 'सिस्टिमसीटीएल इनेबल डॉकर' केलंय का, आणि कंटेनरची रिस्टार्ट पॉलिसी 'अनलेस-स्टॉप्ड' आहे का. नसेल तर 'डॉकर अपडेट'ने चालू कंटेनरवरही लावता येते. कंपोजमधलं 'डिपेंड्स-ऑन' इथे कामाचं नाही. ते फक्त 'कंपोज अप'च्या वेळी पाळलं जातं. मशीन उठल्यावर डॉकर कंटेनर उठवतो तेव्हा तो क्रम तो बघत नाही. डेटाबेस अजून सावरत असताना अ‍ॅप धावून जातं आणि पडतं. अ‍ॅपने थांबून पुन्हा जोडणी करायला हवी. तशी सोय नसेल तर रिस्टार्ट पॉलिसीच त्याला पुन्हा पुन्हा उठवेल, दोन मिनिटं धीर धरा. 'कंपोज अप'साठीही हेल्थचेक लिहून 'सर्व्हिस-हेल्दी' ही अट घाला. नुसतं 'डिपेंड्स-ऑन' डेटाबेसचा कंटेनर सुरू होण्याची वाट बघतं, तो तयार होण्याची नाही.

मे महिन्यात दुपारीच सगळं मंद होत असेल तर डॉकर उकरत बसण्याआधी 'सेन्सर्स' चालवा. भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या आसपास जातो, आणि पंख्याच्या भरवशावर पत्र्याच्या खोलीत ठेवलेला प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग कमी करतो.

इमेज ओढताना

'टू मेनी रिक्वेस्ट्स' आलं तर डॉकर हबची, म्हणजे इमेज जिथून येतात त्या साइटची, मर्यादा लागली. लॉगिन न करता ओढणाऱ्यांची मोजणी पत्त्यावरून होते, त्यामुळे एका जोडणीवरची सगळी लॅब एकाच खात्यात धरली जाते. लॉगिन करा. नेट रडत असेल तर चांगल्या जोडणीवर 'डॉकर सेव्ह'ने इमेजची फाइल बनवा, पेनड्राइव्हवर न्या आणि तिकडे 'डॉकर लोड' करा. 'लेटेस्ट' टॅगवर विसंबू नका, आवृत्तीचा आकडा लिहा. पोस्टग्रेसची मोठी आवृत्ती बदलली की जुनं डेटा फोल्डर नवा सर्व्हर उघडत नाही. तेव्हा जुनीच आवृत्ती लावून डंप (सगळ्या डेटाची निर्यात केलेली फाइल) घ्यायचा आणि नवीत भरायचा.

एवढं करूनही सुटलं नाही तर बसवून देणाऱ्याला नुसतं 'चालत नाही' कळवू नका. 'डॉकर पीएस -ए'चा निकाल, एक्झिट कोड, पहिल्या चुकीच्या ओळीच्या आसपासचे पन्नासेक लॉग, 'डीएफ -एच', इमेजची नेमकी आवृत्ती आणि शेवटी काय बदललं होतं ते पाठवा. फोनने काढलेला स्क्रीनचा फोटो नको, मजकूर कॉपी करून द्या. आणि 'डॉकर इन्स्पेक्ट'चा निकाल व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकण्याआधी त्यातला 'एन्व्ह' भाग काढून टाका. डेटाबेसचा पासवर्ड तिथे उघडा लिहिलेला असतो.